सातव्या थराची चिठ्ठी

काकाजी, तुमची चिठ्ठी अजून बोर्डावरच आहे. पिवळी, एका कोपऱ्यातून थोडी वळलेली. 'बोडीच्या तळ्याजवळचा तुकडा, सातवा थर, शुक्रवार, मेश्राम.' त्या शुक्रवारला आज अकरा दिवस झाले, म्हणजे तुम्हाला जाऊनही अकराच झाले. ज्यानं चिठ्ठी लावली त्यानंच ती काढायची, हा नियम माझा. रोज सकाळी सात वाजता पत्र्याच्या शेडमध्ये सगळे त्या बोर्डासमोर उभे राहतात, आधी चिठ्ठीकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?

आधी एक सांगून टाकते. मला तुमचा राग आलेला आहे. गेलेल्या माणसाबद्दल कोणी असं बोलत नाही, पण आपण दोघांनी दोन वर्षं भांडण्याशिवाय दुसरं केलं तरी काय? तुम्ही गेलात म्हणून मी एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हीच म्हणाल, मॅडमची तब्येत बरी नाही दिसत.

कोंढ्याजवळ कालव्याच्या भरावावर मी रुजू झाले तेव्हा तुम्ही तिथले मातीकामाचे सुपरवायझर होता. सारा जन्म मातीकामात गेलेला, गाव कोंढाच, रोज मोटारसायकलनं घरून डबा घेऊन येणारे. मी नागपूरहून तीन दिवसांचं 'लीन'चं प्रशिक्षण घेऊन आलेली इंजिनिअर. कामात जे जे वाया जातं ते शोधायचं आणि काढून टाकायचं, एवढीच ती पद्धत. पोकलेनपुढे टिप्परनं रांग लावून उभं राहणं वाया. एकच माती दोनदा हलवणं वाया. गरजेपेक्षा जास्त माल वाया, जास्त माणूस वाया. मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांची ही विद्या मी धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या मातीच्या भरावाला लावायला निघाले होते. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत, डोक्यावरचा दुपट्टा सारखा केलात आणि म्हणालात, "कारखान्यावर छत रायते मॅडम."

मला तेव्हाच तुमचा पहिला राग आला.

दुसरा राग त्याच आठवड्यात आला. सोमवारी मी तुम्हाला सहा कामं विचारली. सहाही वेळा तुम्ही म्हणालात, "हाव जी." शनिवारी पाहिलं तर दोन झालेली. मी शेडमध्ये सगळ्यांसमोर ताडताड बोलले. तुम्ही वाट पाहिलीत, मी दमेपर्यंत. मग म्हणालात, "मॅडम, हाव म्हणजे आयकलं. होईन असं कोण म्हणलं?"

"मग नाही म्हणायचं ना काकाजी."

"साहेबाले नाही कसं म्हणावं जी? नाही म्हणणारा माणूस साइटवर टिकत नाही. तुमी लाखनीच्या ना? तुमच्या बाबानं टायरच्या दुकानात कोण्या ट्रकवाल्याले नाही म्हणलं का कधी?"

खरं होतं. माझे बाबा हायवेवर पंक्चर काढतात आणि आजवर कोणालाही नाही म्हणाले नाहीत. दुकानासमोर चार ट्रक उभे असले तरी पाचव्यालाही "हाव, लाव बाजूले" म्हणतात, आणि मग पाचही जण शिव्या देतात. तुमच्या त्या एका प्रश्नानं मला प्रशिक्षणात तीन दिवसांत जे कळलं नव्हतं ते कळलं. आपल्याकडे काम माती किंवा डिझेलसाठी अडत नाही, 'हाव'मुळे अडते.

मग मी नियम केला. ज्याचं काम त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहायची आणि स्वतःच लावायची. आधी 'नाही' म्हटलं तर कोणी बोलणार नाही. पण हाव म्हणून काम झालं नाही, तर ते का झालं नाही त्याच्या रकान्यात फुली. पाणी नाही, डिझेल नाही, मशीन बंद, मंजुरी नाही, पाऊस, माणूस नाही, असे रकाने बोर्डाच्या उजव्या बाजूला तुम्हीच पट्टी धरून आखलेत. आणि पंधरा दिवसांनी एका सकाळी तुम्ही घसा साफ करून म्हणालात, "नाही होत मॅडम. टँकरचा पंप गेला. बिनापाण्याचा थर मी दाबणार नाही." इस्तारी, आपला रोलरवाला, तो तर खालीच पाहायला लागला, आता काय होते म्हणून. मी टपरीवरून सगळ्यांना चहा मागवला. तुम्ही लाजलात, काकाजी. एवढ्या वयाच्या माणसाला मी लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हापासून तुम्हीच बाकीच्यांना धरून शिकवू लागलात. "होत नसन तर नाही म्हण ना बे, मॅडम खाऊन नाही टाकणार." एकदा एक टिप्परवाला मला उलटून बोलला, तेव्हा तुम्ही त्याला बाजूला नेऊन जे सांगितलं ते मला नंतर इस्तारीकडून कळलं. "मॅडम म्हणते ते आयकाचं. नाही पटलं तर मी भांडतो, तुमी नाही." हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, आणि मी कळल्याचं तुम्हाला दाखवलं नाही. धन्यवाद म्हणायला पाहिजे होते. आपल्यात तशी रीतच नव्हती.

आपलं खरं भांडण ढिगांचं होतं. तुम्हाला भरावाच्या पुढे दूरपर्यंत मुरमाचे ढीग पाडून ठेवायची सवय. "माल पुढं पडून असला का जीव शांत रायते." मला ते ढीग पाहिले की अंगावर काटा यायचा. ढीग उन्हात सुकतात, पुन्हा पाणी मारा, पुन्हा उलटा, आणि अवकाळी पाऊस आला की सगळा चिखल. मी म्हणायचे, लहान तुकडा घ्या, आज जेवढा दाबून होईल तेवढाच मुरूम आणा, त्याच दिवशी पाणी, रोलर आणि तपासणी. तुम्ही मान हलवायचे आणि पाठ वळली की दोन टिप्पर जास्तीचे पाडून घ्यायचे. मला काय दिसत नव्हतं?

मार्चमध्ये पाऊस आला आणि ढीग नव्हते म्हणून आपला भराव वाचला. त्या दिवशी मी तुमच्याकडे पाहून नुसती हसले. आणि मग त्याच महिन्यात खदानीवरचे अर्धे टिप्परवाले एका लग्नाला गेले, ढीग नव्हते म्हणून रोलर दुपारपर्यंत उभा राहिला. तुम्ही रोलरच्या पायरीवर बसून डबा उघडलात, आणि माझ्याकडे पाहिलंत. जेवण झाल्यावर म्हणालात, "थोडं उरवून ठेवा लागते मॅडम. माही बायको रोज एक मूठ तांदूळ जास्तीचा टाकते. कोणी येऊन गेलं तर?"

"आणि कोणी नाही आलं तर? शिळा होतो ना तो भात."

"मंग सकाळी मी खातो."

मी म्हटलं, भरावावर शिळा मुरूम कोणी खात नाही. तुम्ही हसलात. विषय तिथंच राहिला. तो मिटलाच नाही, काकाजी, आणि आता मी एकटीच तो दोन्ही बाजूंनी भांडत बसते.

उन्हाळ्यात मी तक्ता केला. कोणता माणूस दिवसभरात किती वेळ काम करतो आणि किती वेळ उभा असतो, त्याचा. एकाच तुकड्यावर तुम्ही आणि ढोमणेभाऊ, दोन सुपरवायझर. तुम्ही धावता आणि ते उभे, नाहीतर ते धावतात आणि तुम्ही उभे. कागदावर अगदी साफ दिसत होतं की एक माणूस जास्तीचा आहे. मोठ्या साहेबांना तक्ता फार आवडला. ढोमणेभाऊंना गोंदियाकडच्या साइटवर पाठवलं. तुम्ही भांडाल म्हणून मी तयारी करून आले होते, आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "तुमी म्हणाल तसं." त्याच दिवशी मी 'माणूस नाही' हा रकानाही पुसायला लावला. सगळं नीट आखल्यापासून त्यात एकही फुली पडली नव्हती, आणि रिकामा रकाना म्हणजे वाया जागा. फडकं हातात घेऊन तुम्ही थांबलात. "राहू द्या ना मॅडम, कवा कामी येईन." मी म्हटलं, पुसा. तुम्ही पुसलात. त्या जागी मी महिन्याचा आलेख लावला. पुढचे चार आठवडे बोर्डावरचं शंभर टक्के काम दिलेल्या दिवशी झालं. मला त्या आलेखाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

काम चुकलं की पाच वेळा 'का', आपल्या भाषेत 'काहून', विचारायचं, हेही मी नागपूरहून आणलेलं. पहिल्या काहूनला जे उत्तर मिळतं ते खरं नसतं, खालपर्यंत जावं लागतं. तुम्ही म्हणायचे, "आमच्या घरचं लेकरूबी इतकं काहून काहून करत नाही." गेले अकरा दिवस मी तेच करून राहिले आहे. काकाजी गेले, काहून? दवाखान्यात उशिरा पोचलो म्हणून. उशीर काहून झाला? दोन दिवस दुखत असून गेले नाहीत म्हणून. काहून नाही गेले? शुक्रवारचा थर त्यांच्या नावावर होता म्हणून. दुसऱ्यानं काहून नाही पाहिला तो थर? दुसरा माणूस नव्हता म्हणून. काहून नव्हता?

पाचव्या काहूनशी मी पोचते आणि परत वर येते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, कुठे दुसरं उत्तर सापडते का म्हणून. नाही सापडत.

गुरुवारी सकाळी तुम्ही छातीवरून हात फिरवत होता. तोंडात ओवा आणि काळं मीठ. आपल्याकडे छातीत दुखलं की ती ग्यासच असते, दुसरं काही असूच शकत नाही, तसं तुम्हीही म्हणालात. "ग्यास होय मॅडम. राती वांग्याची भाजी खाल्लो." मी म्हटलं, पवनीला डॉक्टरला दाखवून या ना. तुम्ही म्हणालात, "उद्याचा थर झाला का जातो." आणि मी काय म्हटलं, आठवते? मी "बरं" म्हटलं. शनिवारी मोठे साहेब बोर्ड पाहायला येणार होते आणि पाचवा आठवडा पूर्ण व्हायला तुमचा एकच थर बाकी होता. हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. रोज सकाळी मी रोलरचं विचारायचे, टँकरचं, डिझेलचं, मुरमाच्या ओलीचं. सगळं तयार आहे का, सगळं तयार आहे का. तुमचा चेहरा राखेसारखा झालेला समोर दिसत होता, आणि मी बरं म्हणून चिठ्ठीकडे पाहिलं.

आणि तुम्ही? सगळ्या साइटला नाही म्हणायला तुम्ही शिकवलंत. टँकरच्या पंपासाठी नाही म्हणालात, ओल्या मुरमासाठी नाही म्हणालात, एकदा तर मोठ्या साहेबांना तोंडावर नाही म्हणालात. स्वतःच्या छातीसाठी एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मी चिडले असते? चिडले असते कदाचित. मग चिडू द्यायचं होतं. एरवी कधी भीत होता तुम्ही माझ्या चिडण्याला?

शुक्रवारी अकराच्या सुमाराला तुम्ही पळसाखाली बसलात ते उठलाच नाहीत. इस्तारी रोलर सोडून धावत आला. साइटच्या जीपमध्ये मागे तुम्हाला आडवं केलं, मी तुमचं डोकं धरून बसले आणि भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता धरला. तेव्हाही तुम्ही म्हणतच होता, ग्यास होय, ग्यास होय. अड्याळच्या अलीकडे तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "पाणी मारलं का जी त्यानं?" टँकरवाला कुठे होता, थराचं काय झालं, मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हाव." तुम्ही मान हलवलीत. दोन वर्षं मी ज्या शब्दाशी भांडले तोच मी तुम्हाला शेवटी दिला, आणि तुम्ही तो खरा मानला. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी कोंढ्याला आले होते. अंगणात मंडप, बुद्धवंदना होऊन गेलेली, तुमच्या फोटोजवळ मेणबत्त्या. काकूंनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता त्या मला रागावून बोलतील, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "बुधवारपासून दुखून राहिलं होतं. मी म्हणलं जा ना दवाखान्यात. तर म्हणे, मॅडमले हाव म्हणलो." मग विचारलं, "तिथं दुसरं कोणी नव्हतं का जी?"

होता, काकू. मी पाठवून दिला. हे माझ्या तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. मी नुसती मान हलवली, नव्हतं म्हणून. निघताना काकूंनी "जेवून जा बाई" म्हटलं. भात उरलाच होता.

सातवा थर झाला, काकाजी. तुम्ही विचाराल म्हणून सांगते. वरचा पापुद्रा सुकला होता, तो खरवडला, पुन्हा पाणी मारलं, इस्तारीनं चार दिवसांनी दाबला. तपासणीत पास झाला. आता तुमच्या जागी भरावावर मी उभी राहते. तुम्ही मुरूम मुठीत दाबायचे, त्याचा लाडू झाला आणि बोटानं टोचल्यावर दोन तुकडे झाले की म्हणायचे, ओल बराबर. मीही दाबते. लाडू होतो, तुकडेही होतात, कधी दोन, कधी तीन. बरोबर आहे की नाही ते मला कळत नाही. मी मागे वळते विचारायला. रोज वळते.

मोठ्या साहेबांना फोन केला होता, दुसरा सुपरवायझर द्या म्हणून. ते वाईट बोलले नाहीत. तुमच्याबद्दल हळहळले, हारही त्यांनीच पाठवला होता. पण म्हणाले, "तुमच्याच तक्त्यात एका माणसात काम होते असं आहे ना? महिनाभर शंभर टक्के झालेलं आहे. एक माणूस पाठवतो, मेश्रामच्या जागी. दोन कशाला?" मी म्हटलं, साहेब, तो तक्ता चुकला होता. ते म्हणाले, आकडे तर बरोबर दिसतात. आकडे बरोबरच आहेत, काकाजी. तीच तर पंचाईत आहे. माझ्या हातचा कागद आहे आणि मलाच तो खोटा ठरवता येत नाही.

आणि एक झालं आहे, ते तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल. तुम्ही गेल्यापासून शेडमध्ये कोणीही नाही म्हटलेलं नाही. मी काहीही विचारलं की सगळे एका सुरात "हाव जी." मॅडमचं मन कशाला दुखवा, म्हणून. दोन वर्षांची आपली मेहनत, अकरा दिवसांत पुसून गेली.

आज सकाळी मी बैठकीला लवकर आले. बोर्डाच्या उजवीकडचा आलेख काढला. खाली तुमच्या हातची जुनी रेघ अजून फिकट दिसत होती, फडक्यानं पूर्ण गेली नव्हती. तिच्यावरूनच पट्टी धरून रकाना पुन्हा आखला आणि वर लिहिलं, 'माणूस नाही.' मग तुमच्या चिठ्ठीसमोर, त्या रकान्यात, पहिली फुली मारली. चिठ्ठी नाही काढली. ती माझी नाही.

सगळे जमले. मी नेहमीसारखं विचारलं, "इस्तारीभाऊ, आठवा थर गुरुवारी होईन का?"

त्यानं त्या फुलीकडे पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली.

"नाही होत मॅडम," म्हणाला. "माणूस नाही."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच ऐकायचं होतं मला, काकाजी, त्या गुरुवारी. तुमच्या तोंडून.